दोरीवरची गोधडी आणि माझी चूक



गेले चार गुरुवार दुपारच्या कार्यक्रमात मी तुम्हाला अमेरिकेतल्या गोधड्यांच्या कादंबऱ्यांची गोष्ट सांगत होते. तुमच्या बैठकांमधून आणि फोनवरून तिच्याबद्दल इतकी मतं आली, की आजचा सगळा वेळ त्यांच्यासाठीच ठेवलाय. शिवाय मला एक चूक कबूल करायची आहे. ती तुमच्यातल्याच एका आजींनी पकडली.

ज्यांचा एखादा गुरुवार चुकला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जेनिफर चिआव्हेरिनी नावाच्या लेखिकेनं १९९९ साली ‘द क्विल्टर्स अप्रेंटिस’ ही कादंबरी लिहिली. क्विल्ट म्हणजे त्यांच्याकडची गोधडी: वर कापडाचे तुकडे जोडून केलेली नक्षी, मधे कापसाचा थर, खाली अस्तर, आणि तिन्ही थर धरून ठेवणारा धावदोरा. सारा नावाची तरुण बाई नवऱ्याच्या नोकरीपायी पेनसिल्व्हेनियातल्या एका गावात येते. तिला स्वतःला काम मिळत नाही. तिथं सिल्व्हिया नावाची म्हातारी आपलं वडिलोपार्जित मोठं घर विकायला निघालेली. घर आवरायला सारा मदत करते आणि सिल्व्हिया तिला गोधडी शिवायला शिकवते. पुढे घर विकायचं राहतं. ठिकठिकाणच्या बायका आठवडाभर येऊन राहतील, शिवतील, बोलतील, अशी जागा त्या दोघी तिथं उभी करतात. या घराच्या आणि या मैत्रिणींच्या मिळून वीसहून जास्त कादंबऱ्या निघाल्या.

सगळ्यात जास्त बोललात तुम्ही सिल्व्हियाच्या भांडणावर. युद्धात तिचा नवरा आणि भाऊ गेले. त्यानंतर सख्ख्या बहिणीशी असं बिनसलं, की पन्नास वर्षं तिनं माहेरात पाऊल टाकलं नाही. आली ती बहीण वारल्यावरच. डोंगरापलीकडच्या एका गटात यावरून म्हणे तास गेला. अर्ध्या बायका म्हणाल्या, सिल्व्हियाचं चुकलं, मेल्या माणसाच्या घरी येऊन काय उपयोग. अर्ध्या म्हणाल्या, मागे राहिलेल्या बहिणीनं एक पत्र टाकायला काय हरकत होती. मग बोलता बोलता गोष्ट बाजूला राहिली आणि कुणाचा भावाशी किती वर्षं अबोला आहे, कुणी कुणाच्या लग्नाला गेलं नाही, तेच निघालं. वाटणीच्या कागदावर सही केली तेव्हापासून राखी बंद आहे, असं सांगणाऱ्या दोघी निघाल्या. त्यांतली एक यंदा जाणार आहे म्हणे.

दुसरं मत तरुण सुनांचं. त्यांना गोष्ट फार गोड वाटली. एकीनं विचारलं, “या बायकांना उचल नाही, हप्ता नाही, सासूची कटकट नाही. एवढं मोठं घर, आणि येऊन जाऊन गोधड्या. पैसे कुठून येतात?” खरं सांगायचं तर या कादंबऱ्यांच्या वाचकांत तिकडंही असेच दोन तट आहेत. एकीला त्यातला उबदारपणा हवा असतो. ती थकून घरी येते आणि या बायकांत जाऊन बसते. दुसरीला वाटतं, इतक्या लवकर सगळं सुरळीत होतं कुठं? मी स्वतः मधे कुठंतरी आहे. पहिली कादंबरी मी एका रात्रीत वाचली. त्यानंतरच्या काही अर्ध्या सोडल्या.

आता माझ्या चुकीकडे येते.

चौथी कादंबरी ‘द रनअवे क्विल्ट’, २००२ सालची. सिल्व्हियाला जुन्या सामानात घराण्यातल्या एका बाईची वही सापडते. अमेरिकेत गुलामगिरी होती त्या काळातली वही. दक्षिणेतून पळून आलेल्या गुलामांना या घरात आसरा मिळायचा, जोआना नावाची एक बाई अशीच आली, हे त्या वहीतून उलगडतं. घराण्याचा जो मोठेपणा ऐकत सिल्व्हिया वाढली तो जसाच्या तसा खरा नव्हता, हेही कळतं. हे सांगताना मी सूर लावला आणि माझं माझं पुढं बोलत गेले. म्हटलं, त्या काळी गोधड्यांमध्ये गुप्त खुणा असायच्या. कुंपणावर किंवा दोरीवर अमुक नक्षीची गोधडी दिसली की समजायचं, हत्यारं गोळा करा. चाकाची नक्षी दिसली की सामान बांधा. अस्वलाच्या पंजाची दिसली की डोंगरातल्या वाटेनं जा. उडत्या बदकांची दिसली की उत्तरेकडे निघा. आणि मी म्हटलं, हा इतिहास आहे.

कार्यक्रम संपला आणि तासाभरात एका आजींनी नातवाच्या फोनवरून फोन लावला. “ताई, गोधडी रात्रीची बाहेर कोण ठेवतंय? दवानं भिजून जड नाय का व्हायची? आन् पळणारं मानूस रातच्यालाच चालणार ना. अंधारात त्याला बदक दिसलं का अस्वल?” मी काहीतरी उत्तर दिलं. त्या पुढं म्हणाल्या, “आन् एक गोधडी शिवायला माझा सगळा उन्हाळा जातो. दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबणाऱ्या बाईनं खुणेपायी धा गोधड्या कधी शिवल्या?”

मला गप्प बसावं लागलं. दुसऱ्या दिवशी आणखी एक फोन आला. एका गटानं पंधरा ऑगस्टच्या प्रदर्शनासाठी तसल्या खुणांची गोधडी शिवायला घेतली होती, आणि खाली पाटी लावणार होत्या: अशा गोधड्यांनी गुलाम मुक्त केले. ही पाटी माझ्या शब्दावर लागणार होती. तेव्हा मात्र मी नीट वाचायला बसले.

ही खुणांची गोष्ट जगभर पसरली ती १९९९ सालीच निघालेल्या एका पुस्तकामुळे, ‘हिडन इन प्लेन व्ह्यू’. जॅकलिन टोबिन आणि रेमंड डोबार्ड हे लेखक. दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्स्टनच्या बाजारात गोधड्या विकणाऱ्या एका बाईनं आपल्या घरात चालत आलेली आठवण म्हणून ती टोबिन यांना सांगितली होती. पुस्तक गाजलं, शाळांमध्ये शिकवायला लागले. पण गुलामगिरीचा आणि गोधड्यांचा अभ्यास करणाऱ्यांना पुरावा सापडेना. फिलाडेल्फियात विल्यम स्टिल नावाचे गृहस्थ होते, स्वतः काळे, आईवडील गुलामगिरीतून आलेले. पळून आलेल्या शेकडो लोकांची हकीकत त्यांनी त्यांच्याच तोंडून लिहून घेतली आणि १८७२ साली छापली. कुणी पेटीत बसून आलं, कुणी पुरुषाचा वेश करून आलं, कुणी बोटीच्या तळाशी लपून. गोधडीची खूण कुणी सांगत नाही. पुढे १९३० च्या दशकात सरकारनं गुलामगिरीत जन्मलेल्या दोन हजारांहून जास्त म्हाताऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. गोधड्यांचा उल्लेख त्यांत भरपूर आहे: थंडीत पांघरलेल्या, रात्री जमून शिवलेल्या. पण खुणा नाहीत. लाकडी घराची म्हणून जी नक्षी ‘आसऱ्याची खूण’ सांगतात, तिच्या तारखेसह मिळालेल्या जुन्या गोधड्या १८६० नंतरच्या आहेत, म्हणजे पळण्याचा काळ सरत आल्यावरच्या. २००७ साली न्यूयॉर्कमध्ये फ्रेडरिक डग्लस यांच्या स्मारकात ही खुणांची नक्षी घेतली, तेव्हा इतिहासकारांनी उघड आक्षेप घेतला. डग्लस स्वतः गुलामगिरीतून पळालेले.

चिआव्हेरिनीबाईंनी कादंबरी लिहिली, ती कादंबरी म्हणून. इतिहास म्हणून सांगितलं ते मी.

यावर आपल्या गटातल्या एका शिक्षिकेनं मला चांगलंच धरलं. तिचं म्हणणं, “गुलामांना लिहावाचायला शिकवणं तिकडं कायद्यानं गुन्हा होता. मग कागदावर पुरावा कुठून मिळेल? आपल्या आज्यांचं तरी कुणी लिहून ठेवलंय? ओव्या नसत्या तर त्या काय बोलत होत्या हे आपल्याला कळलंच नसतं.” बिनतोड आहे हे. पण ओवीचंच उदाहरण घेऊ. ती एका घरातली नसते. तीच ओवी थोड्या फरकानं दहा गावांत, पन्नास बायकांच्या तोंडी मिळते, म्हणून आपण म्हणतो की ही आपल्या बायकांची. इथं दोन हजार म्हातारी माणसं बोलली आणि कुणीच ते सांगितलं नाही. पुस्तक मुख्यतः एकाच घरच्या आठवणीवर उभं आहे. त्या बाई खोटं बोलल्या असं मी म्हणणार नाही. पण पाटीवर लिहिण्याइतकं ते पुरत नाही.

मग गोधडीचा आणि त्या मुक्तीचा खरंच काही संबंध होता का? होता, आणि तो तुम्हाला लगेच ओळखू येईल, कारण तो पैशाचा आहे. गुलामगिरीविरुद्ध काम करणाऱ्या बायकांच्या मंडळ्या बोस्टन, फिलाडेल्फिया अशा शहरांत जत्रा भरवायच्या. शिवलेलं, विणलेलं विकायचं आणि आलेला पैसा चळवळीला द्यायचा. बोस्टनच्या १८३६ सालच्या जत्रेसाठी शिवलेलं पाळण्यातलं एक छोटं दुपटं अजून जपलेलं आहे. त्याच्या मधल्या चौकोनात शाईनं कविता लिहिलीय: आपलं बाळ कुशीत घेताना ज्या आईचं बाळ विकलं गेलं तिची आठवण ठेव, अशा अर्थाची. आणि यातली गोम बघा, ज्या कापसाच्या कापडावर हे लिहिलं तो कापूस बहुतेक गुलामांनीच वेचलेला असायचा. हे काही बायकांच्याही ध्यानात आलं होतं. त्यांनी गुलामांच्या हातचा कापूस आणि साखर घरात आणायची नाही असं ठरवलं. अवघड गेलं त्यांना, कारण दुसरं कापड महाग आणि खरखरीत.

त्या कापसाचा एक धागा आपल्याकडेही येतो. १८६१ ते १८६५ तिकडं यादवी युद्ध झालं. तिकडचा कापूस बंद पडला आणि इंग्लंडच्या गिरण्या खानदेश-वऱ्हाडच्या कापसावर आल्या. भाव चढला, मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळला. तिकडच्या वेचणाऱ्या बायकांना सुटका मिळाली त्याच वर्षी इकडचे कापूसवाले बुडाले. दोन्हीकडं वेचणाऱ्या बाया होत्या, आणि दोघींचीही नावं कुणी लिहिली नाहीत.

नावांवरून मैत्रीच्या गोधड्यांचं सांगते. मला सगळ्यात जवळची वाटते ती हीच. १८४० च्या सुमाराला अमेरिकेत कापड न खाणारी शाई मिळायला लागली. आधीच्या शाईनं लिहिलेल्या जागी कापड कुजून भोक पडायचं. त्याच काळात कितीतरी कुटुंबं गाड्या जुंपून पश्चिमेकडे नव्या मुलखात निघाली होती. गेलेली लेक किंवा मैत्रीण परत दिसेल याची खात्री नाही. मग गल्लीतल्या, देवळातल्या, नात्यातल्या बायका एकेक चौकोन शिवायच्या, त्यावर आपलं नाव घालायच्या, आणि सगळे जोडून जाणारीच्या हवाली करायच्या. कितीतरी बायकांचं नाव थडग्याखेरीज दुसरं कुठं राहिलं असेल तर ते अशा गोधडीवर. चिआव्हेरिनीबाईंच्या सगळ्या कादंबऱ्यांच्या मुळाशी मला हेच दिसतं, बाकीचा गोडवा सोडून द्या.

सुईनं एका बाईला गुलामगिरीतून खरंच सोडवलं, तेही सांगायला हवं. एलिझाबेथ केकली. व्हर्जिनियात गुलाम म्हणून जन्मली. सेंट लुईस शहरात तिच्या शिवणावर मालकाच्या घरची सतरा माणसं जेवत होती, असं तिनं स्वतःच लिहून ठेवलंय. १८५५ साली बाराशे डॉलर भरून तिनं स्वतःला आणि मुलाला विकत घेतलं. पैसे तिच्या गिऱ्हाईक बायकांनी जमवून दिले, आणि तिनं ते कर्ज म्हणून घेतले, शिवून शिवून फेडले. पुढे ती राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या पत्नीची शिंपीण झाली. १८६८ साली तिनं आत्मकथा छापली. चिआव्हेरिनीबाईंनी २०१३ साली तिच्यावर वेगळी कादंबरी लिहिलीय. ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठाच्या संग्रहालयात एक रेशमी गोधडी आहे. ती केकलीनं शिवली असं मानतात. मानतात, एवढंच. मी आता शहाणी झालेय.

दुसरी हॅरिएट पॉवर्स. जॉर्जिया राज्यातली, १८३७ चा जन्म, तीही गुलामगिरीतली. युद्धानंतर नवऱ्याबरोबर छोटी शेती करायची. तिनं बायबलमधल्या गोष्टींची चित्रं कापडातून कापून गोधडीवर शिवली, अकरा चौकटी. १८८६ साली कापसाच्या जत्रेत ती मांडली. जेनी स्मिथ नावाच्या चित्रकला शिक्षिकेनं ती विकत मागितली. पॉवर्सबाई नाही म्हणाल्या. चारपाच वर्षांनी दिवस फिरले. बैलगाडीत बसून, पिठाच्या धुतलेल्या पोत्यात गुंडाळलेली गोधडी मांडीवर घेऊन त्या स्मिथबाईंच्या दारात आल्या. दहा डॉलर मागितले. समोरून पाच म्हटले गेले. त्या बाहेर जाऊन नवऱ्याशी बोलल्या, आत आल्या, आणि पाचाला देऊन टाकली. देताना मात्र प्रत्येक चौकटीचा अर्थ सांगितला, आणि स्मिथबाईंनी तो लिहून घेतला. नंतर त्या आपली गोधडी बघायला पुन्हा पुन्हा येत राहिल्या. आज ती वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पाच डॉलर त्या काळी अगदीच कमी नव्हते म्हणतात. पण मला राहून राहून ती पोत्यातली गोधडी आठवते.

तिसरी गोष्ट एकटीची नाही, गटाची आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिन्ही बाजूंनी पाणी. तिथले लोक गुलामांचे वंशज. बायका नवऱ्यांच्या फाटक्या पँटी, पिठाच्या पिशव्या, जुने झगे यांच्या गोधड्या शिवायच्या, थंडी अडवायला. १९६० च्या दशकात हे लोक मतदार यादीत नाव घालायला तालुक्याच्या गावी जायला लागले, तर १९६२ साली नदीवरची तर बंद करण्यात आली. समोर दिसणारं गाव, आणि जायचं तर तासाहून जास्तीचा वळसा. ती तर नीट सुरू झाली २००६ साली. नाव नोंदवलं म्हणून काहींची कुळवहिवाट गेली, घरातून बाहेर काढलं. १९६६ साली आसपासच्या बायकांनी मिळून फ्रीडम क्विल्टिंग बी नावाची सहकारी संस्था काढली. न्यूयॉर्कला लिलावात गोधड्या विकल्या गेल्या. त्या पैशातून जमीन घेतली, बेघर झालेल्या काही कुटुंबांना तिच्यातले तुकडे दिले, १९६९ साली शिवणकेंद्र बांधलं.

पुढचं ऐकून आपल्या गटांच्या बाया हसतील. १९७२ साली एका मोठ्या दुकानसाखळीची ऑर्डर मिळाली, उशांच्या अभ्र्यांची. कापड कॉर्डरॉयचं, रंग ठरलेले, सगळे नग एकसारखे. पगार नियमित मिळाला, पण डोकं चालवायला जागा नाही. तेव्हा उरलेल्या चिंध्या बायकांनी घरी नेल्या आणि त्यांतून मनासारख्या गोधड्या शिवल्या. २००२ पासून ज्या गोधड्या अमेरिकेच्या मोठमोठ्या संग्रहालयांत भिंतीवर लागल्या, त्यांत या कॉर्डरॉयच्याही आहेत. २००६ साली त्यांची पोस्टाची तिकिटं निघाली. आणि २००७ साली काही कारागीर बायका कोर्टात गेल्या, की नाव झालं पण पैसा आमच्यापर्यंत आला नाही. पुढच्या वर्षी ते मिटलं. सुनांनी विचारलं होतं ना, पैसे कुठून येतात?

शेवटची, अगदी आपल्या शेजारची. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळच्या रानात सिद्दी लोक राहतात. पोर्तुगीजांनी त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणले आणि तिथून पळून त्यांच्यातले कितीतरी या रानात आले. त्यांच्या बायका कवंदी शिवतात. काठापासून सुरुवात करायची आणि टाके घालत आत आत यायचं. चारी कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची फुलं लावायची. फुलाशिवाय कवंदी उघडी, असं म्हणतात. पळून आलेल्यांच्या घरातली गोधडी बघायला अमेरिका गाठायला नको.

आता त्या पंधरा ऑगस्टच्या गोधडीचं. परवा मी त्या गटाकडे जाऊन आले. खुणांचे सहा चौकोन शिवून झाले होते, सुरेख होते. मी सगळं सांगितलं. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग ठरलं, की ते चौकोन उसवायचे नाहीत, नक्षी म्हणून राहतील, पाटी मात्र लागणार नाही. आणि भोवतीच्या चौकोनांत गटातल्या सगळ्यांची नावं घालायची. एक मावशी मात्र नाराज होत्या. त्यांनी नातीला ती खुणांची गोष्ट सांगून टाकली होती आणि नातीला ती फार आवडली होती. “आता तिला काय सांगू?” म्हणाल्या. मला चांगलं उत्तर सुचलं नाही. म्हटलं, गोष्ट म्हणून सांगा.

मग शाईचा प्रश्न निघाला. न उडणारी शाई आणायची कुठून? कोपऱ्यातून एक आजी म्हणाल्या, “परटाचा बिब्बा हाय की! कापड फाटंल पण डाग जायाचा नाय.” दुसरी म्हणाली, बिब्बा अंगावर उतला म्हणजे काय होतं ते मी भोगलंय, पांघरायच्या वस्तूला नकोच. शेवटी दोऱ्यानंच नावं भरायची ठरली. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना नाती खडूनं अक्षरं काढून देणार आहेत. तेवीस नावं आहेत. लाल दोरा कमी पडतोय. कुणाकडे शिल्लक असेल तर बाजाराच्या दिवशी केंद्रावर आणून द्या.